डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडतो

गेल्या आठवड्यात बहिणीकडे गेले होते. तिची सून सकाळी मुलांना शाळेसाठी तयार करताना दोघांच्या पायांना गुडघ्यापर्यंत खोबरेल तेल चोळत होती. का म्हणून विचारलं, तर तिने मोबाइल पुढे केला. दर पावसाळ्यात फिरणारा तोच मेसेज. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, पण गुडघ्याच्या वर उडू शकत नाही. खोबरेल तेल अँटिबायोटिक आहे, सकाळी लावलं की संध्याकाळपर्यंत काळजी नाही. डेंग्यू झालाच तर पपईच्या पानांचा रस द्या, दोन दिवसांत प्लेटलेट लाखाच्या वर. आणि ताप उतरला की धोका टळला. खाली एका डॉक्टरांचं नाव, आणि ‘सगळ्या ग्रुपवर पाठवा’.

मी २७ वर्षं आरोग्यसेविका होते. हा मेसेज पुढे पाठवणारी माणसं काळजीपोटीच पाठवतात, हे मला माहीत आहे. पण त्यातली शेवटची ओळ, ‘ताप उतरला की धोका टळला’, जीवघेणी आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

गुडघ्याची गोष्ट कुठून आली, ते कळतं. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास बसलेल्या किंवा उभ्या माणसाच्या घोट्यांना, पोटऱ्यांना जास्त चावतो. टेबलाखाली, पलंगाखाली, लटकवलेल्या कपड्यांमागे दडून बसायची त्याला सवय. म्हणून त्याला वर उडता येत नाही असं नाही. सिंगापुरात २१ मजली इमारतीतही तो वरच्या मजल्यांपर्यंत पोचतो, हे तपासलेलं आहे. आपल्याकडे गच्चीवरच्या उघड्या टाकीत अळ्या सापडतात, त्या अंड्यांसाठी मादी उडतच वर गेलेली असते. हात, मान, दंड, झोपलेल्या बाळाचा गाल, तिला सगळं चालतं.

अँटिबायोटिकचं तर चटकन संपतं. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, डेंग्यू विषाणूचा आजार आहे, आणि तो चामडीवर चोळलेल्या तेलाने मरत नाही. तेलकट कातडीवर डास थोडा वेळ कमी बसत असेलही, पण सकाळचं तेल शाळा सुटेपर्यंत पुरत नाही. एक गोष्ट मात्र मेसेजात बरोबर आहे: हा डास दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि सूर्य मावळण्याआधी जास्त. तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, आणि डासांचं मलम उघड्या राहणाऱ्या सगळ्या अंगाला. तान्ह्या बाळाला मलम नको, त्याला दुपारीही मच्छरदाणीतच झोपवा.

पण मला खरं सांगायचंय ते पिंपाबद्दल.

बहिणीच्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. मराठवाड्यात हे नवं नाही. अंगणात निळे ड्रम, न्हाणीत हौद, स्वयंपाकघरात रांजण. मी ड्रमवरचं लाकडी झाकण सरकवून टॉर्च मारला. उजेड पडल्याबरोबर दोरीच्या तुकड्यांसारख्या अळ्या वळवळत तळाशी गेल्या, आणि जरा वेळाने एकेक करत श्वास घ्यायला वर येऊन डोकं खाली करून लटकल्या. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, आणि दोन नळांमधलं अंतरही तेवढंच. म्हणून ‘आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा’ असं नुसतं सांगून बायका ऐकत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही. आठ दिवस पुरवायचं पाणी कोण ओतून देईल?

आम्ही घरोघरी सांगायचो ते असं. तुमचा कोरडा दिवस म्हणजे नळाचा दिवस. पाणी यायच्या आधी ड्रममधलं उरलेलं कापडातून गाळून बादलीत घ्या, अळ्या मातीत झटका, ड्रम आडवा करा आणि आतली भिंत काथ्याने किंवा ब्रशने घासा. घासणं सोडू नका. हा डास अंडी पाण्याच्या काठाशी, ओल्या भिंतीला चिकटवतो. ती सुकली तरी महिनोन्‌महिने जगतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. नुसतं विसळून ती निघत नाहीत. भरल्यावर जुन्या धोतराचं किंवा साडीचं दुहेरी कापड तोंडाला दोरीने घट्ट बांधा, कारण लाकडी झाकणाच्या फटीतून डास सहज जातो. हौद रिकामा करताच येत नसेल तर अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. आणि फ्रिजच्या मागचा ट्रे, कुलर, कुंडीखालची ताटली तेवढी विसरू नका.

पपईच्या पानांचा रस. काही लहान अभ्यासांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या, हे खरं. पण त्याने रक्तस्राव किंवा मृत्यू टळतात, असं सिद्ध झालेलं नाही. बहुतेक रोग्यांच्या प्लेटलेट बरं होताना आपोआपच वाढतात, आणि श्रेय रसाला जातं. शिवाय तो इतका कडू की आधीच मळमळणारं मूल ओकतं, आणि या आजारात अंगातलं पाणी टिकवणं हाच मोठा उपचार. नारळपाणी, ओआरएस, पेज, सरबत द्या, दर चार-सहा तासांनी लघवी व्हायला हवी. तापाला फक्त पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन आणू नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

आता ती शेवटची ओळ. आमच्या भागातल्या नववीतल्या एका मुलाचा ताप पाचव्या दिवशी सकाळी उतरला. आईने देवाला नारळ ठेवला. संध्याकाळी मी गेले तेव्हा तो पोट धरून पडला होता, हातपाय गार, सकाळपासून लघवी नाही. प्लेटलेट सत्तर हजारांच्या वर होत्या, म्हणून घरचे निर्धास्त होते. डेंग्यूत माणूस दगावतो तो बऱ्याचदा प्लेटलेटमुळे नव्हे. रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी झिरपतं, रक्त घट्ट होतं, दाब कोसळतो. आणि हे होतं ते ताप उतरतानाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. मुलाला त्याच रात्री जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, सलाइन वेळेवर लागलं, तो वाचला.

म्हणून ताप उतरल्यावर पुढचे दोन दिवस रोग्याच्या उशाशी बसा. पोटात जोराचं दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, मूल एकदम गळून जाणं किंवा उगाच चिडचिड करणं. यातलं एक जरी दिसलं, तरी सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखान्यात न्या.