कुबडी घेतल्याने पाय ‘आळशी’ होत नाही

घरात कुणाचा घोटा मुरगळला की एक मेसेज हमखास फिरत येतो. त्याचं म्हणणं असं: काठी, कुबड्या, पट्टा, बूट यांची सवय लावू नका, पाय आळशी होतो, चालता येतंय म्हणजे हाड मोडलेलं नाही, सोसून चाला, पाय मोकळा होईल, काठी घ्यावीच लागली तर दुखऱ्या बाजूला धरा. माझ्या आत्याने हे वाचून तिसऱ्याच आठवड्यात डॉक्टरांनी दिलेला बूट (घोटा हलू नये म्हणून घालायचा, गुडघ्याखालपर्यंतचा) काढून ठेवला. घोटा पुन्हा सुजला आणि लंगडून लंगडून दुसऱ्या पायाचा गुडघाही धरला. मला याचा राग आहे, म्हणून लिहितेय.

‘चालता येतंय म्हणजे फ्रॅक्चर नाही.’ हे सगळ्यात घातक. घोट्याच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड वजनाचा थोडाच वाटा उचलतं. ते मोडूनही माणूस लंगडत घरी पोचतो. एक्स-रे काढायचा का, हे ठरवायला डॉक्टर १९९२ पासून ‘ऑटावा अँकल रूल्स’ वापरतात. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांची टोकं किंवा त्यांच्या मागच्या कडेचा खालचा ६ सेंटिमीटर भाग दाबल्यावर हाडावर दुखलं, किंवा ४ पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. म्हणजे चालता येत असलं तरी हाड दुखत असेल तर तपासणी हवीच. पावलाच्या मधल्या भागासाठीही असेच नियम आहेत. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी तर दुखण्यावर भरवसाच ठेवू नये.

‘आधाराने पाय आळशी होतो.’ यात अर्धं खरं आहे. पाय प्लास्टरमध्ये आठवडेच्या आठवडे जखडला की पोटरी बारीक होते. पण ते न हलवल्यामुळे होतं. म्हणूनच साध्या मुरगळण्यात हल्ली सहसा प्लास्टरऐवजी घोट्याचा ब्रेस, म्हणजे आधाराचा पट्टा, देतात: पाऊल वर-खाली होतं, आत वळत नाही, आणि माणूस लवकर चालता होतो. जोडीला डॉक्टर सांगतील तेव्हापासून व्यायाम. ‘कुबड्या घेणं’ हे आपल्या बोलण्यात हिणवण्यासाठी येतं, त्याची लाज या औषधालाही चिकटली आहे.

‘सोसून चाला.’ किती वजन टाकायचं हे दुखापतीवर ठरतं. कुठे पहिल्या दिवसापासून चालवतात, कुठे कित्येक आठवडे पाऊल टेकवू देत नाहीत. नेमकं तेवढंच वजन पडावं, यासाठी तर कुबडी असते.

पण ती बरोबर वापरायला कुणी शिकवत नाही. आत्याने काखेतल्या गादीला टॉवेल गुंडाळून सगळा भार तिथेच टाकला होता. दोन दिवसांत हाताला मुंग्या. काखेत नस असते, ती सतत दाबली गेली तर मनगट उचलेनासं होतं. गादी काखेच्या २-३ बोटं खाली हवी, मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर, कोपर किंचित वाकलेलं, आणि भार तळहातांवर. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय. खालचं रबरी बूच झिजलं असेल तर आजच बदला.

बुटाचंही एक कुणी सांगत नाही: त्याचा तळ जाड असतो, म्हणून दुसऱ्या पायात तेवढ्याच उंचीची चप्पल किंवा बूट हवा. नाहीतर कंबर एका बाजूला कलते आणि दुखायला लागते.

‘काठी दुखऱ्या बाजूला धरा.’ उलट. चालताना उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जातो. काठी चांगल्या बाजूच्या हातात असली की ती दुखऱ्या पायाबरोबर टेकते आणि वजन दोघांत वाटलं जातं. दुखऱ्या बाजूला धरली तर अंग त्याच पायावर झुकतं.

सोडायची कधी? डॉक्टरांनी मोकळीक दिली आणि तिच्याशिवाय चालताना लंगडणं उरलं नाही, की. आत्या सकाळी सरळ चालते, संध्याकाळी थकली की अजून लंगडते. तिची काठी दाराशीच आहे.