‘कोथरूडात खुर्चीत बसून’ म्हणणाऱ्या वाचकाला

परखड_पुणेकर,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री साडेअकराला आली, मी तेव्हाच वाचली, आणि झोपेचं खोबरं झालं ते वेगळंच. डिलीट करणं एका बोटाचं काम होतं, केलं नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. परदेशातलं मेडिकल कॉलेज निवडताना काय बघावं यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर या महाशयांचं म्हणणं असं की डब्ल्यूएचओच्या (म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या) यादीचं मी चुकीचं लिहिलं, माझ्या मुलीचा २०१३चा अनुभव परदेशी मेडिकल डिग्रीच्या २०२१च्या नियमांनंतर शिळा झाला, तिथल्या लायसन्सबद्दल मी चकार शब्द काढला नाही, पास होणाऱ्यांचे आकडे दिले नाहीत. आणि मग शेवटी हे: "कोथरूडात खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या पोरांना परदेशी धाडणं सोपं असतं, काका."

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो, उगाच कोणी म्हणायला नको. ‘डब्ल्यूएचओच्या यादीत नाव असलं म्हणजे कॉलेजला मान्यता’ असं मी लिहिलं ते चुकलं. डब्ल्यूएचओ कुठल्याच मेडिकल कॉलेजला मान्यता देत नाही, ते तिचं कामच नाही. मला म्हणायची होती ती वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स, आणि तिच्यात नाव आहे म्हणजेही मान्यता आहे असं नव्हे, ती डिरेक्टरी स्वतःच तसं सांगते. पण लोकांच्या तोंडात डब्ल्यूएचओ का बसलंय तेही बघा की. १९५३ पासून ही यादी पुस्तक म्हणून डब्ल्यूएचओच छापायची, आत्ताची ऑनलाइन डिरेक्टरी २०१४ साली दोन याद्या एकत्र करून आली आणि ती चालवणारे वेगळे. माझ्या वयाच्या माणसाच्या तोंडून जुनं नाव निघणं म्हणजे अजून व्हीटी म्हणण्यासारखं आहे. ओळ बदलतो. झालं?

आता ‘काका’. माझं वय एकसष्ट, काका म्हणायला माझी हरकत नाही, सोसायटीतली पोरं म्हणतात, भाजीवाला म्हणतो, तो तर माझ्यापेक्षा मोठा असेल. पण तो काका आणि हा काका यातला फरक पुण्यात कोणाला समजावून सांगायला नको. तुमचा काका स्वल्पविरामानंतर येतो. वाक्य संपवून, दार लावून घेता घेता टाकलेला काका आहे तो. आणि स्वतःचं नाव मात्र परखड_पुणेकर. परखड माणूस नाव लपवून बोलतो हे मला नवीनच कळलं.

खुर्चीचं म्हणाल तर हो, बत्तीस वर्षं बँकेत खुर्चीतच बसलो, त्यातली शेवटची नऊ एज्युकेशन लोनच्या टेबलाला. त्या खुर्चीत बसून काय दिसतं हे तुम्हाला कसं कळणार. ॲडमिशन लेटरवर कॉलेजचं नाव एक आणि फी ज्या खात्यात भरायची ते खातं भलत्याच कोणाचं, अशा फायली मी परत पाठवल्यात आणि त्या आईबापांच्या शिव्या खाल्ल्यात. एकानं तर मॅनेजरकडे तक्रार केली की हा माणूस माझ्या मुलाच्या डॉक्टर होण्याच्या आड येतोय. फी थेट कॉलेजच्याच खात्यात जाते का, हा मुद्दा माझ्या लेखात पहिला होता तो का, ते आता कळलं असेल.

आणि परदेशी धाडणं सोपं असतं म्हणता? ऐका मग. २०१३ला देशभर पहिल्यांदा ‘नीट’ ही मेडिकल प्रवेशाची परीक्षा झाली, मुलीला इथं सरकारी कॉलेज मिळेल एवढे मार्क नव्हते आणि प्रायव्हेटची फी ऐकून आमची ही दोन दिवस बोलली नव्हती. तेव्हा डेक्कनजवळच्या एका हॉटेलात रविवारी सेमिनार होता, सामोसा, फुकट पेन, मागे हे एवढं बॅनर ‘एमसीआय अप्रूव्ह्ड’, एमसीआय म्हणजे तेव्हाची मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया. मी उभा राहून विचारलं, ते अप्रूव्हलचं पत्र दाखवता का. तर तो टाय लावलेला मुलगा म्हणाला, सर पत्र ऑफिसला आहे. ऑफिसला गेलो तर म्हणे दिल्लीच्या ऑफिसला आहे. २०२०ला एमसीआय जाऊन एनएमसी, म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशन आलं. हे एनएमसी परदेशी कॉलेजांची कसलीही अप्रूव्ह्ड यादी काढत नाही, तरी परवा कर्वे रोडला बॅनर बघितलं, तेच सगळं, फक्त अक्षरं बदललेली.

मग मी काय केलं, तर खुर्चीतून उठलो. पीएफमधून पैसे काढले, नऊ दिवसांची रजा टाकली आणि फी भरायच्या आधी स्वतः जॉर्जियाला गेलो, मुंबईहून इस्तंबूल आणि तिथून त्बिलिसी. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, तोही एकट्यानं. तीन कॉलेजं बघितली. एकाच्या माहितीपत्रकावर चकचकीत हॉस्पिटलचा फोटो होता, प्रत्यक्षात कॉलेज एका दुकानाच्या वरच्या दोन मजल्यांवर आणि ते हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथंही गेलो. वॉचमनला इंग्रजी येत नव्हतं, मला हिंदी-मराठी सोडून काही बोलवत नव्हतं, शेवटी मी डोक्यावर हात ठेवून बसलो तर त्याला वाटलं माझंच डोकं दुखतंय आणि त्यानं आत सोडलं. एका वॉर्डात मी खाटा मोजल्या. चाळीस. पेशंट सहा. सहा पेशंटच्या भोवती पोरं काय शिकणार? हे कुठल्या वेबसाइटवर लिहिलेलं नसतं, परखडराव.

तिसरं कॉलेज जुनं होतं, भिंतींचे पोपडे निघालेले, पण हॉस्पिटलच्या जिन्यात बसायला जागा नव्हती एवढी गर्दी. तिथं केरळची दोन मुलं भेटली, तिसऱ्या वर्षाची. त्यांनी जे सांगितलं ते मला सेमिनारात कोणी सांगितलं नव्हतं, की अंकल लेक्चर इंग्रजीत असतं हो, पण पेशंट इंग्रजीत आजारी पडत नाही. म्हणजे कोर्स इंग्रजी माध्यमाचा आहे एवढ्यावर भागत नाही, खाटेवरची म्हातारी जॉर्जियनमध्येच कण्हणार, फार तर रशियनमध्ये. मी मुलीला त्याच कॉलेजात घातलं. तिची पहिल्या वर्षाची वही अजून माझ्या कपाटात आहे, दोनशे पानी, त्यात जॉर्जियन शब्द देवनागरीत लिहिलेत आणि समोर मराठी अर्थ. ‘साद ग्टकिवात – कुठं दुखतंय’. त्या ओळीखाली तीनदा रेघ मारली आहे, पेनाची शाई मागच्या पानावर उतरलीय. ती वही बघितली की मला काय होतं ते मी इथं लिहिणार नाही. पण असं कोणी म्हणालं की धाडणं सोपं असतं, की मग माझंही डोकं फिरतं.

सहा वर्षं. दर शुक्रवारी स्काइप. एकदा हिवाळ्यात हॉस्टेलचं हीटिंग बंद पडलं तेव्हा पोरगी स्वेटरवर स्वेटर घालून बसली होती आणि आम्हाला म्हणत होती काही नाही बाबा, फॅशन आहे. सोपं!

बाकीचे मुद्दे. २०२१चे नियम मला माहीत नाहीत असा तुमचा समज दिसतो. एनएमसीचं १८ नोव्हेंबर २०२१चं गॅझेट माझ्याकडे प्रिंट काढून पंच करून ठेवलेलं आहे, कोर्स किमान ५४ महिन्यांचा, अख्खा एकाच कॉलेजात, इंग्रजी माध्यमात, त्याच कॉलेजात बारा महिन्यांची इंटर्नशिप, मग भारतात येऊन आणखी बारा महिने, सगळं मिळून दहा वर्षांच्या आत, आणि ज्या देशाची डिग्री त्या देशात तिथल्या नागरिकाच्या बरोबरीनं प्रॅक्टिस करायचं लायसन्स मिळायला पाहिजे. शिवाय परदेशी जायचं तरी ‘नीट’ क्वालिफाय व्हावं लागतंच, ते तर २०१८ पासूनच आहे. बघा, न बघता टाइप केलं. पण हे गॅझेटमध्ये आहे, फुकट मिळतं, तेच पुन्हा उतरवून काढायला मी ब्लॉग काढलेला नाही. माझा लेख अनुभवाचा होता. माझी मुलगी जुन्या नियमात गेली हे खरं, म्हणून काय तिथल्या खाटा आपोआप भरल्या का?

तुमची प्रतिक्रिया तिला फॉरवर्ड केली होती. उत्तर आलं, ‘बाबा लायसन्सचं खरंच टाकायला हवं होतं. आमच्या वेळी नव्हतं ते.’ तिची नाइट ड्युटी चालू आहे, घाईत लिहिलं असणार.

पास होणाऱ्यांच्या आकड्यांचं सांगतो आणि विषय संपवतो. एफएमजीई, म्हणजे परदेशी डिग्रीवाल्यांना भारतात प्रॅक्टिस करण्याआधी द्यावी लागणारी परीक्षा, तीनशे मार्कांची, दीडशेला पास, वर्षातून दोनदा, आणि गेल्या काही वर्षांत साधारण पाचातला एखादा पास होतो हे ऐकून घाबरायचं तर घाबरा. पण त्या आकड्यात तिसऱ्यांदा पाचव्यांदा बसलेलेही असतात, त्यावरून कॉलेज चांगलं की वाईट ठरवणं म्हणजे बसच्या गर्दीवरून ड्रायव्हर ओळखणं. आमच्या मुलीला डिसेंबर २०१९ला १४१ पडले. नऊ मार्कांनी गेली, आणि हो, हे मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं, कारण ते माझं एकट्याचं नाही. मग सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जागा घेतली तर मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, अभ्यासिका बंद, उरलेले पाच महिने घराच्या गॅलरीत टेबल टाकून, खाली ॲम्ब्युलन्सचे आवाज. जूनची परीक्षा ३१ ऑगस्टला झाली. त्यात सुटली. तुमच्या आकडेवारीत ती एकदा नापासात आणि एकदा पासात मोजली गेली असेल, कुठली मुलगी धरायची ते तुम्ही ठरवा.

मला एजंटकडून किती टक्के मिळतात असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण ‘धाडणं’ या शब्दात ते आहे. एक रुपया नाही. उलट लेख वाचून तीन पालक घरी आले, त्यातल्या दोघांना मी नका पाठवू म्हणालो, एकाचं तर बुकिंग अमाउंट भरून झालं होतं, त्याला सोडवायला मी स्वतः त्या ऑफिसात तासभर बसलो होतो. तिथं मात्र खुर्चीत.

तर डब्ल्यूएचओची ओळ आज रात्री दुरुस्त होईल. लायसन्सबद्दलही एक परिच्छेद खाली जोडतो, तुम्ही म्हणालात म्हणून नव्हे, घरून दबाव आहे. तुमची प्रतिक्रिया आहे तशी राहील. पुढच्या वेळी नाव टाकून लिहा, मग काका म्हणा, आजोबा म्हणा. माझं नाव ब्लॉगवर वरतीच आहे.