सुट्टी अंगी लागू नये म्हणून

वर्षभर राबणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी चुकून विश्रांती मिळाली, तर पुढे काय अनर्थ ओढवेल याचा आपण कधी विचार केला आहे काय? दुसऱ्या दिवशी तो ताजातवाना होऊन कामावर जाईल, ठाणे स्थानकाच्या पुलावर कोणाचा धक्का लागला तर हसून बाजूला होईल, संध्याकाळी घरी येऊन बायकोला ‘आज दिवसभर काय काय केलंस?’ असे आपणहून विचारील, आणि मग घरातील वडीलधारी मंडळी मीठ-मोहऱ्या घेऊन त्याची दृष्ट काढायला बसतील. असा प्रसंग कोणत्याही सभ्य कुटुंबावर येऊ नये, या सद्हेतूने नौपाड्यातील आमच्या घरात तीन पिढ्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेली पद्धत मी आपल्यापुढे ठेवीत आहे. ती मनोभावे आचरल्यास वर्षातील एकही सुट्टी आपल्या अंगी लागणार नाही, याची मी हमी देतो.

सुट्टीचा नाश सुट्टीच्याच दिवशी आरंभणे म्हणजे फार उशीर करणे होय. तो १ जानेवारीला, नवे कॅलेंडर खिळ्यावर चढताच सुरू झाला पाहिजे. आता यंदाचे २०२६ हे वर्ष पाहा. प्रजासत्ताक दिन सोमवारी आला, महाराष्ट्र दिन शुक्रवारी आला, गणेश चतुर्थी सोमवारी आहे, गांधी जयंती शुक्रवारी आणि नाताळही शुक्रवारी आहे. एवढ्या जोडून सुट्ट्या पाहून अननुभवी माणूस हरखून जाईल. आपण तसे करू नये. आपण १५ ऑगस्ट शनिवारी आला आहे, तेथे बोट ठेवावे. मग पाने उलटून ८ नोव्हेंबर गाठावा, कारण त्या दिवशी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन असे दिवाळीचे दोन मुख्य दिवस एकाच चौकटीत कोंबलेले असून ती चौकट रविवारची आहे. १ मे रोजीही बुद्धपौर्णिमा आणि महाराष्ट्र दिन एकत्र आल्यामुळे एक सुट्टी बुडालीच. सर्वांनी मिळून या बुडीत खात्याची बेरीज करावी, ‘गेलं वर्ष!’ असे म्हणावे आणि मगच चहा घ्यावा. माझे वडील निवृत्त होऊन बारा वर्षे झाली आणि तेव्हापासून त्यांना आठवड्याचे सातही वार सारखेच आहेत, तरीही रविवारने गिळलेल्या सुट्टीचे सर्वांत खोल दुःख त्यांनाच होते. राज्य शासनाच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हाही ते आनंदले नाहीत. ‘म्हणजे आता शनिवारी आलेली सुट्टीही बुडणार,’ एवढेच म्हणाले. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मला फार उशिरा कळली. शासन आपल्या सार्वजनिक सुट्ट्या ज्या कायद्याखाली जाहीर करते, तो सणांचा, धर्माचा अथवा श्रमिकांच्या कल्याणाचा कायदा नसून हुंड्या, धनादेश आणि वचनचिठ्ठ्या यांचा १८८१ सालचा परक्राम्य संलेख अधिनियम आहे. त्याच्या पंचविसाव्या कलमाचा आशय असा, की एखाद्या वचनचिठ्ठीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशीच भरली असे समजावे. इंग्रजांनी हे कलम लिहिताना आमच्या घरात डोकावून पाहिले असावे अशी मला दाट शंका आहे. कारण ‘सुट्टीत बघतो’ ही मी वर्षभर पत्नीच्या हाती ठेवलेली वचनचिठ्ठी असते. मोरीचा नळ गळतो, सुट्टीत बघतो. दिवाणखान्यातला पंखा कुरकुरतो, सुट्टीत बघतो. माळा आवरायचा आहे, सुट्टीत नक्की बघतो. या सर्व चिठ्ठ्यांची मुदत एकाच दिवशी भरते, आणि तगादा मात्र कायद्याला धरून आदल्या रात्रीच सुरू होतो. तेव्हा वाचकांनी अशा चिठ्ठ्या मुक्त हस्ताने लिहून द्याव्यात.

कुटुंबासह बाहेर जाणे हा सुट्टी संपविण्याचा दुसरा राजमार्ग आहे. मात्र ठिकाण जवळचे निवडावे. लांब जायचे असले की माणसे पहाटे उठून वेळेवर निघतात आणि सगळाच घोटाळा होतो. ‘जवळच तर आहे’ या विश्वासाखेरीज खरा उशीर होत नाही. यंदा २६ जानेवारीला आम्ही येऊरच्या जंगलात जाऊन शुद्ध हवा घेण्याचे ठरविले. दहाला निघायचे होते, म्हणून पावणेदहाला आईने बटाट्याची भाजी फोडणीला टाकली. मुलगी तयार होती, पण मुलगा आंघोळीला गेला होता. मुलगा आला, तेव्हा पत्नीला गच्चीवरचे पापड आठवले. पापड उतरले, तेव्हा बाबा ‘तुमचं चालू द्या, मी तयारच आहे’ असे म्हणून दाढीला बसले. पाऊण वाजता आम्ही गाडीत बसलो आणि नितीन कंपनीच्या नाक्यावर आलो, तेव्हा अवघ्या ठाण्याला शुद्ध हवेची तितकीच निकड असल्याचे आमच्या ध्यानात आले.

अशा कोंडीच्या वेळी घरातील वडील माणसाने इतिहास सांगावा. बाबांनी सांगितले, की १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली या देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने. अंतर सुमारे ३४ किलोमीटर. त्या दिवशी मुंबईत सुट्टी दिली होती आणि ठाण्याला पाहुण्यांच्या फराळासाठी तंबू ठोकले होते. मुलीने मोबाइलवर शोधून तो दिवस शनिवार असल्याचे जाहीर केले. म्हणजे जोडून आलेली सुट्टी गाठावी, चारशे माणसांत बसून ठाण्याला यावे, उतरताच खाण्यावर तुटून पडावे, ही आपली परंपरा दीडशे वर्षांहूनही जुनी आहे, असा निष्कर्ष बाबांनी काढला आणि त्यांचे डोळे किंचित पाणावले. ‘मग त्यांना पार्किंग मिळालं?’ असे मुलाने विचारले. उपवनच्या अलीकडून आम्ही गाडी वळवली आणि घरापासून दहा मिनिटे चालत असलेल्या तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून चार वाजता ती बटाट्याची भाजी संपविली. समोर मासुंदा तलावाचे पाणी सुंदर दिसत होते. तेथे आम्ही सकाळी दहालाच जाऊ शकलो असतो, हे आई म्हणाली आणि ते तिने पुढे मार्चपर्यंत म्हटले.

घरी राहूनही सुट्टी वाया घालविता येते, किंबहुना त्यातच खरे कसब आहे. कामाच्या दिवशी गजर तीनदा बंद करणाऱ्या माणसाचे डोळे सुट्टीला साडेपाचलाच उघडतात, हे सृष्टीचे एक कोडे आहे. ते उघडले की आपण एकट्याने जागे राहू नये. स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यांची उतरंड अशा बेताने हलवावी की वरचे झाकण जमिनीवर पडून बराच वेळ गोल फिरत राहील. मग हळू आवाजात, पण सर्वांना ऐकू जाईल असे, ‘झोपा, झोपा, कोणी उठू नका’ असे म्हणावे.

१ मे हा कामगार दिन असल्यामुळे त्या दिवशी आम्ही माळा काढतो. यंदा शिडीवर मी होतो, शिडी धरायला मुलगा होता, आणि मुलगा नीट शिडी धरतो की नाही हे पाहायला बाबा होते. माळ्यावरून काय काय निघाले ते सांगत नाही, कारण ते आपल्याही माळ्यावर आहे: तांब्याचा बंब, कडी मोडलेली पत्र्याची ट्रंक, कोणाच्या तरी मुंजीतला पाट, आणि ‘लागेल कधी तरी’ म्हणून ठेवलेली सुतळी, जी लागली तेव्हा सापडली नव्हती. महत्त्वाची वस्तू एकच, ती म्हणजे जुन्या कॅलेंडरांची सुरळी. आई कॅलेंडरे टाकीत नाही, कारण तिच्या मते त्यांत हिशेब आहे. १९९८ सालच्या कॅलेंडरात तिच्या अक्षरात ‘दूध अर्धा लि. कमी’, ‘सिलिंडर लावला’, ‘इस्त्री १४ कपडे’ अशा नोंदी होत्या, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलग चार चौकटींत ‘बोलणे बंद’ असे लिहिले होते. कोणाशी, असे मुलीने विचारले. आईने बाबांकडे पाहिले. बाबांनी आठवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि ‘मला तर काही जाणवलं नव्हतं’ असे खरे तेच सांगितले. खरे बोलण्याची घाई सुट्टीच्या दिवशी विशेष फलदायी ठरते. आईने चौकट पाचवी मांडली आणि संध्याकाळचा चहा बाबांनी स्वतः केला.

तो पिताना त्यांना शोध लागला, की १९९८ आणि २०२६ या दोन्ही वर्षांचा आरंभ गुरुवारी झाला असून दोहोंतही २९ फेब्रुवारी नाही, म्हणून तारखा आणि वार तंतोतंत जुळतात. त्यांनी तत्काळ नवे कॅलेंडर उतरविले, पुढल्या वर्षांसाठी कोरेच गुंडाळून ठेवले आणि जुने लावले. दोन दिवस सुखात गेले. मग पत्नीच्या लक्षात आले, की १९९८ मध्ये गणपती ऑगस्टमध्ये आणि दिवाळी ऑक्टोबरमध्येच येऊन गेली होती. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे, दरवर्षी अकरा दिवसांची तूट साचत जाते आणि साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक महिना धरून ती भरून काढावी लागते, हे बाबांना अर्थातच पाठ होते. यंदा १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून सण पुढे गेले. पण हार मानतील ते बाबा कसले? दर एकोणीस वर्षांनी तिथी पुन्हा जवळपास त्याच तारखांवर येतात, हे सूत्र त्यांनी काढले आणि २००७ सालचे कॅलेंडर शोधले. त्यातही अधिक ज्येष्ठ होता आणि दिवाळी नोव्हेंबरातच होती. आता आमच्या भिंतीवर वारांसाठी १९९८ आणि सणांसाठी २००७ अशी दोन कॅलेंडरे शेजारी शेजारी टांगलेली आहेत, आणि दूध कोणत्या सालच्या चौकटीत मांडायचे यावर रोज सकाळी चर्चा होते. सणाची नेमकी तारीख पाहायची असेल तर पत्नी शेजारच्या घरी जाते.

अधिक महिना हा जावयांचा महिना, हे मुलाला कळताच ‘बाबांना एक महिना जास्तीची सुट्टी मिळणार का?’ असे त्याने विचारले. सुट्टी मिळत नाही. जाळीदार म्हणून तेहेतीस अनारसे मिळतात. माझी सासुरवाडी डोंबिवलीला आहे. ते अनारसे घेऊन रविवारी संध्याकाळी लोकलने ठाण्याला परत येणे आणि उतरताना त्यांची संख्या तेहेतीसच राहणे, यासाठी जावयाच्या अंगी जे बळ लागते ते विश्रांती घेतलेल्या माणसापाशी असू शकत नाही.

गणपतीला गावी जाणाऱ्यांनी तर सुट्टीच्या साठ दिवस आधीच थकून जावे, अशी उत्तम सोय झालेली आहे. पूर्वी गाडीचे आरक्षण १२० दिवस आधी मिळत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत साठ दिवसांवर आली. म्हणजे गणेश चतुर्थीला, १४ सप्टेंबरला, घरी पोहोचण्यासाठी १२ तारखेची गाडी धरायची असेल तर १४ जुलैला सकाळी आठच्या ठोक्याला सर्वांनी सज्ज असले पाहिजे. आमच्याकडे मुलगी एका मोबाइलवर, पत्नी दुसऱ्यावर, मी संगणकावर आणि कुडाळची आत्या फोनवर ‘मिळालं का रे?’ विचारण्यावर, अशी कामाची वाटणी असते. आठ वाजून दोन मिनिटांनी प्रतीक्षा यादीतला तीन आकडी क्रमांक हाती पडतो. त्याचा देवासमोर ठेवण्याइतपत आदर करावा. तो पुढे पक्का होईल की नाही, ही चिंता पुढचे दोन महिने रोज थोडी थोडी घेत राहिल्यास प्रवासाचा शीण वेगळा असा जाणवतच नाही.

एवढे सारे करूनही एखादा आळशी वाचक म्हणेल, की निदान पुढचे वर्ष तरी स्वस्थ घालवू. त्याच्यासाठी सांगतो, की २०२७ मधील प्रत्येक तारीख एका वाराने पुढे सरकते, आणि हा हिशेब बाबांनी काल रात्रीच बोटांवर मांडला. १ मे शनिवारी. १५ ऑगस्ट रविवारी. २ ऑक्टोबर शनिवारी. २५ डिसेंबर शनिवारी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, की हे वार १९९९ शी जुळतात, ते कॅलेंडर माळ्यावर अगदी मागे, बंबाच्या पलीकडे असणार, आणि या रविवारी तुला सुट्टी आहेच, तर शिडी लाव.