ख्रिसमस कॅक्टसला महिन्यातून एकदाच पाणी? खुलासा

‘ख्रिसमस कॅक्टस कडक उन्हात ठेवा, महिन्यातून एकदाच पाणी द्या’ असा मेसेज फिरतोय. हा निवडुंग खरा, पण वाळवंटातला नव्हे. मूळचा आग्नेय ब्राझीलच्या दमट डोंगराळ जंगलांतला. तिथे तो झाडांच्या फांद्यांवर, खडकांच्या कपारीत, सावलीत वाढतो. त्याची चपटी ‘पानं’ म्हणजे खोडाचेच तुकडे. तीच बघा ना: कडक उन्हात लालसर पडतात, पाण्याविना सुरकुततात. मातीचा वरचा थर सुकला की पाणी द्या. बशीत मात्र साचू देऊ नका, मुळं कुजतात. कळ्या धरायला काही आठवडे रोज रात्री १२ ते १४ तास सलग अंधार आणि गारवा लागतो. (खतांचा मारा करून काही होत नाही.) तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, आधीच पाठवला असेल, तर तिथेच हा खुलासा टाका.