बोटांच्या ठशांत मेंदू दिसत नसतो, वहिनी

"माणसाच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा तयार! आता बोटांच्या ठशांवरून ओळखा मुलाच्या मेंदूची रचना! लवकरच आठवणी कॉम्प्युटरवर!" हा फॉरवर्ड सांगलीतल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. पण विश्रामबागेतल्या आमच्या वहिनी आठवीतल्या चिरंजीवांची ही टेस्ट करायला निघाल्यात, फी काही हजार. म्हणून लिहितोय.

संपूर्ण नकाशा? साफ खोटं. हार्वर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी 2024 मध्ये माणसाच्या मेंदूचा जेमतेम एक घन मिलिमीटर तुकडा जोडण्यांसकट मांडला. मोहरीएवढ्या त्या तुकड्याचे पाच हजारांवर काप काढले. त्यात सुमारे 57 हजार पेशी, 15 कोटी जोडण्या आणि डेटा 1,400 टेराबाइट! अख्खा मेंदू म्हणजे असे बारा लाखांच्या आसपास तुकडे. करा गुणाकार. हां, त्याच वर्षी एका मेंदूचा नकाशा पूर्ण झाला, हे कबूल. पण तो फळमाशीचा, सुमारे 1 लाख 39 हजार चेतापेशींचा. आपल्या 86 अब्ज. फॉरवर्ड लिहिणाऱ्याची माशी इथेच शिंकली.

आता ठसे. स्कॅनरवर दहा बोटं टेकवायची की रंगीत फाइल हातात: डावा मेंदू इतके टक्के, उजवा इतके, सायन्स नको, कॉमर्स घ्या. अहो, तो मोहरीएवढा तुकडासुद्धा एपिलेप्सीच्या रुग्णाच्या मेंदूच्या ऑपरेशनमधून मिळाला होता! बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात आणि जन्मभर तशाच राहतात, म्हणून तर पोलीस त्यांच्यावर विसंबतात. मेंदूतल्या जोडण्या मात्र पोरगं पाढे शिकलं, सायकल शिकलं की बदलतात. कधीच न बदलणाऱ्या रेषांवरून सतत बदलणारी गोष्ट वाचणार कशी? डाऊन सिंड्रोमसारख्या काही जनुकीय स्थितींत ठशांची ठेवण वेगळी दिसते, एवढा धागा खरा. त्यावरून निरोगी पोराचं करिअर ठरवणं म्हणजे निव्वळ धंदा. पैसे गेले तर गेले, पण "माझ्या मेंदूतच गणित नाही" असं छापील वाचून पोरानं वही मिटली तर ती उघडायला कोण येणार आहे? वहिनी, ॲडव्हान्स दिला असेल तर परत मागा.

राहिल्या आठवणी. 302 चेतापेशींच्या एका इवल्याशा जंताच्या मज्जासंस्थेचा नकाशा 1986 पासून छापील आहे. त्यावरून त्या जंताचं सगळं वागणं कॉम्प्युटरवर हुबेहूब उभं करणं अजून जमलेलं नाही.