दांडा पाडला म्हणजे लाइन मेली?

गेल्या आठवड्यात आमच्या तालमीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दुसऱ्या दिवशी तोच पाणीपुरवठा संस्थेच्या ग्रुपवर दिसला आणि परवा भाच्यानं मलाच पाठवला, "मामा, हे खरं हाय का?" म्हणून. मथळा असा: 'वायरमनची वाट बघू नका, डीपीचा फ्यूज स्वतः टाका.' खाली मुद्दे. डीपीच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या) खांबावरचा दांडा खाली ओढला की वरची लाइन मरते. पंप चालू असले तरी झटक्यात ओढलं की काही होत नाही. वर तीन पाती उघडलेली दिसली की चढायला हरकत नाही. पायात रबरी चप्पल आणि हातात वाळका बांबू असला की भीती कसली? दांड्याचं कुलूप आणि जमिनीत गेलेली पट्टी हा नुसता देखावा. आणि शहरात बसवतात तसे बंद पेटीतले स्विच गावात आणले तर अपघातच होणार नाहीत.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे दांड्याचेच स्विच बनवतो. कागदावर त्याला एअर ब्रेक स्विच म्हणतात, तोंडी एबी स्विच. तेव्हा उत्तर द्यायची जबाबदारी माझ्याकडंच येते.

आधी एक कबुली. मेसेज लिहिणाऱ्याची चीड खोटी नाही. शेतीपंपाची थ्री फेज रात्रीची पाळी, त्यात एका फेजचा फ्यूज गेलेला, ऊस वाळतोय आणि एका वायरमनकडं पाच-सहा गावं. अशा वेळी दांड्याकडं हात जाणारच. पण तो दांडा कशासाठी केलाय हे ठाऊक नसताना हात जातो, म्हणून हे लिहितोय.

'दांडा ओढला की लाइन मरते'

दांडा जमिनीपासून छातीच्या उंचीवर असतो आणि पाती वर खांबाच्या टोकाशी. मध्ये एक लांब पाइप, दोन-तीन गाइड, एक कपलिंग, एक आडवा शाफ्ट आणि प्रत्येक पात्यामागं फिरणारा इन्सुलेटर. हाताला कळतं ते फक्त दांडा हलला एवढंच. पातं हललं का, हे हाताला कळायचं कारण नाही.

दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला आलेला एक स्विच मी अजून बाकाखाली ठेवलाय, नवीन पोरांना दाखवायला. कपलिंगची पिन झिजून निम्मी झालेली. दांडा पूर्ण फिरतो, शाफ्ट अर्धाच वळतो. मधलं पातं गंजानं जबड्यात चिकटलेलं, इन्सुलेटरच्या बुडाशी गांधीलमाशीचं पोळं. खालून बघणाऱ्याला कडेची दोन पाती मस्त उघडलेली दिसली असणार आणि मधलं त्यांच्याआड लपलं असणार.

एकच पातं अडकलं तर काय बिघडतं? दोन फेज तर गेले, असं वाटतं. पण आपल्या डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरची ११ केव्हीकडची (११,००० व्होल्टची) वाइंडिंग डेल्टात असते. म्हणजे तिन्ही टोकं आतून एकमेकांना जोडलेली. एका फेजमधून आलेला दाब (व्होल्टेज) वाइंडिंगमधून फिरून उरलेल्या दोन बुशिंगवरही, म्हणजे बाहेरच्या टोकांवरही, येतो. जमिनीच्या हिशेबात साडेसहा हजार व्होल्टच्या आसपास, तिन्हीवर. 'मेलेल्या' दोन फेजपैकी एकाला हात लावणारा माणूस असाच जातो.

सगळीकडं दांडा खाली म्हणजे बंद असंही नसतं. बनवणारा कोण आणि बसवणारा कोण यावर ते ठरतं. मेसेजमधला 'खाली' कुठल्या डीपीवरचा, देव जाणे.

'तीन पाती उघडलेली दिसली की चढायला हरकत नाही'

समजा तिन्ही पाती खरंच उघडली. तरी स्विचचा एक जबडा लाइनच्या बाजूचा असतो आणि लाइन चालूच असते. फिडर, म्हणजे सबस्टेशनमधून निघालेली अख्खी लाइन, तिथून बंद केलेला नाही, तुम्ही फक्त डीपी तोडलाय. ज्या डीओ फ्यूजपर्यंत (उडाला की ज्याची नळी खाली लोंबते तो) तुम्ही चढणार, त्याच्या थोडंच वर ते जिवंत जबडे आहेत. ११ केव्हीच्या उघड्या जिवंत भागापासून काम करणाऱ्यासाठी २.६ मीटरचं अंतर धरतात. डीपीवर चढलेल्या, हात वर केलेल्या माणसाला ते मिळत नाही. म्हणूनच वायरमन आधी सबस्टेशनकडून फिडर बंद करून घेतो, लाइन क्लियर, म्हणजे काम करायची परवानगी, घेतो आणि मग चढतो. त्याला उशीर लागतो त्यातला थोडा वेळ इथं जातो.

दुसरी भीती खालून येते. गावात कुणाच्या घरी जनरेटर आहे, लाइन तोडून जनरेटर जोडणारा चेंजओव्हर स्विच नाही, नुसती वायर सॉकेटात घातलीय. ट्रान्सफॉर्मरला सुलटं-उलटं कळत नाही. वरून ११,००० घालाल तर खाली ४३३ देतो, खालून २३० घालाल तर वर दहा हजारांच्या आसपास उभे करतो. बाकीचा लोड तुटलेला असेल तर छोटा जनरेटरही हे करू शकतो. पाती उघडी, लाइन बंद, आणि ट्रान्सफॉर्मरची टोकं जिवंत.

या कामाचा क्रम म्हणूनच लांबलचक आहे. तोडायचं, परत कुणी जोडणार नाही असं कुलूप लावायचं, टेस्टरनं दाब नाही हे तपासायचं, मग डिस्चार्ज रॉडनं तिन्ही फेज एकमेकांना आणि जमिनीला जोडायचे. रॉडची वायर आधी जमिनीला, हुक नंतर तारेला, काढताना उलटं. शेजारी काही जिवंत असेल तर ते झाकायचं. पाती उघडणं ही यातली पहिली पायरी झाली.

पाती दिसतात याला मात्र मोल आहे. या स्विचचं खरं काम तेच, डोळ्यांना अंतर दाखवणं. ते अंतर किती ठेवायचं यात एक गंमत आहे. १२ केव्ही वर्गाच्या स्विचची जमिनीशी असलेली बाजू ७५ केव्हीच्या विजेसारख्या झटक्याला तपासतात, पण उघड्या पात्यांमधली फट ८५ केव्हीला. दहा जास्त का? वळवाच्या पावसात लाइनवर वीज पडली तर तिनं इन्सुलेटरवरून जमिनीकडं उडी मारावी, फटीवरून पलीकडं काम करणाऱ्या माणसाकडं नको. स्विच मोडला तरी चालेल, असा हिशेब त्या दहा केव्हीत आहे. स्वस्तात बनवणारा सगळ्यात आधी हीच फट कमी करतो, कारण फट कमी म्हणजे स्विच ज्यावर बसतो तो चॅनेल आखूड आणि लोखंड कमी.

'लोड असला तरी झटक्यात ओढा'

मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हा. एबी स्विच आयसोलेटर आहे, चालू लोड तोडायला तो केलेलाच नाही. १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भरलेला असेल तर ११ केव्हीकडं करंट जेमतेम सव्वापाच अँपिअर. घरातली इस्त्री जवळपास एवढाच घेते, मग भ्यायचं कशाला, असं मला एका शिकलेल्या माणसानंही विचारलंय.

फरक दाबाचा आहे. इस्त्रीचा प्लग ओढताना ठिणगी दोन-चार मिलिमीटरवर विझते. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी मधली हवा थंड झाली तर आर्क (हवेतला विजेचा जाळ) परत पेटत नाही. २३० व्होल्टला परत पेटवायची ताकद नसते, ११,००० ला असते. पातं दूर जातं तसा जाळ त्याच्यामागं ताणत जातो, हातभर, कधी त्याहून लांब. वारं असेल तर शेजारच्या फेजवर किंवा लोखंडी चॅनेलवर टेकतो. टेकला की सव्वापाच अँपिअरचा विषय संपला, शॉर्टसर्किटचे शेकड्यांनी, सबस्टेशन जवळ असेल तर हजारांनी अँपिअर त्या जाळातून जातात. तांबं वितळून थेंब खाली पडतात आणि दांडा धरणारा बरोबर त्याच्याखाली उभा असतो. खाली वाळलेला पाला असेल तर उसाचा फड पेटायला एवढं पुरतं.

'वरची शिंगं वीज पकडायला असतात' असंही कुणी तरी मेसेजखाली लिहिलंय. ती वाकडी शिंगं आर्कसाठी असतात. उघडताना मुख्य पातं आधी सुटतं, शिंगं शेवटी, म्हणजे जळायचं ते शिंग जळावं, पातं शाबूत राहावं. गरम हवा आणि करंटचं स्वतःचं चुंबकीय बळ जाळाला वर ढकलतं, शिंगं वर पसरत गेलेली असल्यानं तो लांबतो आणि तुटतो. पण हे रिकाम्या ट्रान्सफॉर्मरच्या किरकोळ करंटपुरतं. पन्नास पंपांचा लोड त्यांच्यावर टाकला की शिंगांची टोकं मेणबत्तीसारखी गोल होऊन येतात. तशी माझ्याकडं डबाभर आहेत.

जोडताना तर आणखी वाईट. केबल शॉर्ट आहे हे ठाऊक नसताना दांडा टाकला तर पातं टेकायच्या आधीच भडका होतो आणि हात मागं घ्यायला वेळ मिळत नाही. लोड तोडायचा तर वेगळा लोड ब्रेक स्विच लागतो, ज्यात आर्क व्हॅक्यूममध्ये किंवा वायूत मारतात. आपल्या डीपीवर आधी खालच्या एलटी (कमी दाबाच्या) पेटीतून लोड काढायचा, मग एबी.

चप्पल आणि बांबू

यावर फार लिहायची गरज नाही. ११ केव्हीच्या कामाला जे रबरी हातमोजे चालतात त्यांचा वर्ग २, वापराची मर्यादा १७,००० व्होल्ट, आणि ते ठरावीक मुदतीनं दाबाखाली तपासतात. एक टाचणीएवढं भोक निघालं तर फेकतात. चपलेला तळाशी खिळे असतात, वरून चिखल. बांबू बाहेरून वाळका दिसतो, आत ओल असते. गगनबावड्याच्या पावसात तर बाहेरूनही वाळका राहत नाही.

'कुलूप आणि पट्टी म्हणजे देखावा'

कुलपाबद्दल एकच सांगतो. वर माणूस काम करतोय आणि खालून दुसऱ्यानं 'लाइट का गेली' म्हणून दांडा टाकला, एवढंच टाळायला ते असतं.

अर्थिंगची पट्टी जास्त नाजूक विषय आहे, कारण ती चोरीला जाते आणि गेली तरी स्विच चालतोच. वर इन्सुलेटर फुटला आणि जिवंत पातं चॅनेलवर पडलं तर चॅनेल, पाइप आणि दांडा सगळं एकच धातू. समजा अर्थिंगचा रोध ५ ओहम आणि फॉल्ट करंट ५०० अँपिअर. गुणाकार करा, दांड्यावर अडीच हजार व्होल्ट. तुमच्या हातात अडीच हजार, पायाखालच्या जमिनीत थोड्या अंतरावर जवळपास शून्य, मध्ये तुम्ही. म्हणून नीट बसवलेल्या जागी दांड्याची पट्टी पायाखालच्या लोखंडी जाळीला बांधतात. मग हात आणि पाय एकदमच वर चढतात, दोघांत फरक उरत नाही. तारेवरचा कावळा मरत नाही त्याचं कारणही हेच. पाइपमध्ये एक इन्सुलेटरचा तुकडा घालतात तो याच भीतीपायी. पट्टी चोरणाऱ्याला शंभर-दोनशे रुपये मिळत असतील.

'बंद पेटी आणली की प्रश्न मिटला'

इथं मेसेज निम्मा बरोबर आहे. ही बंद पेटी, म्हणजे रिंग मेन युनिट, लोड तोडते आणि आत हात जात नाही. शिरोलीसारख्या ठिकाणी, जिथं फाउंड्रीची धूळ इन्सुलेटरवर बसून पहिल्या पावसात रात्रभर चरचरत राहते, तिथं मी स्वतः बंद पेटीच सुचवेन, धंदा माझा एबी स्विचचा असला तरी.

पण पेटीत फट दिसत नाही. दिसतो तो लाल-हिरवा दर्शक, आणि दर्शकही शेवटी एका दांडीनं आतल्या पात्याला जोडलेला. माझ्या बाकाखालच्या झिजलेल्या पिनेची गोष्ट तिथंही घडू शकते, म्हणून टेस्टर आणि अर्थिंग तिथंही चुकत नाही. आणि पेटी जमिनीवर असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ आहे. अशा पुरात जमिनीवरच्या पेटीची केबलची टोकं आणि यंत्रणा पाण्याखाली जाते. खांबाच्या टोकावरचा एबी स्विच कोरडा राहतो. पूर ओसरल्यावर आमच्याकडं आले ते दांडे आणि बेअरिंग, गाळानं घट्ट झालेले. पाती बहुतेक ठीक होती.

भाच्यानं विचारलं, मग रात्री दोन वाजता करायचं काय? १९१२ ला फोन, डीपीचा नंबर खांबावर रंगवलेला असतो तो सांगायचा, आणि लांबूनच बॅटरी मारून तीन डीओपैकी कुठली नळी लोंबतेय ते बघून सांगायचं. तेवढं सांगितलं तर वायरमन बरोबर फ्यूज घेऊन येतो, दुसरी फेरी वाचते. तोवर मोटरचा स्टार्टर पाडून ठेवायचा. दोन फेजवर मोटर घुरघुरत राहिली तर वाइंडिंग जळतं, आणि रिवाइंडिंगचं बिल त्याच्या बापानं मागच्याच महिन्यात भरलंय.