यादीत नाव नाही म्हणून आत्याआजी परकी होत नाही

आमच्या घराण्याच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय: 'जुन्या मृत्युपत्रात, कोर्टाच्या कागदात आणि सातबाऱ्यावर ज्यांची नावं तेच खरे वारस, बाकी घराण्यातले नाहीत. मृत्युपत्र सापडलं नाही तर माणूस निपुत्रिक समजा.' हे वाचून वंशावळीतून दोन नावं काढलीसुद्धा, म्हणून लिहितेय.

पहिलं, मुली. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुलगा असला की मुलीला बापाच्या इस्टेटीत हिस्साच नव्हता, विधवेला मुलाएवढा वाटा तोही 1937 च्या कायद्याने आणि तोसुद्धा हयातीपुरता. मग 1920 च्या वारसांच्या यादीत मुलगी दिसणार कुठून? कोर्टाने विचारलं होतं इस्टेट कोणाला जाते, घरात मुलं किती ते नाही.

सातबाऱ्याचं तर फारच उलटं वाचतात लोक. नावापुढे ए.कु.मॅ. असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे त्याच्या मागे भाऊ, पुतणे असू शकतात ज्यांचं नाव त्या ओळीत नाही. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आमच्या रत्नागिरीकडच्या जुन्या उताऱ्यावर आजोबांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' आहे, आणि ग्रुपवर एकाने पणजीलाच मालक करून टाकलं. ती पालक होती हो, जमीन लहान मुलाची! आणि 'अज्ञान' म्हणजे अडाणी नाही, कायद्याने सज्ञान न झालेला. त्यातही 1875 च्या कायद्यात वय 18, पण कोर्टाने पालक नेमला असेल तर 1999 पर्यंत 21 होतं, म्हणजे तेव्हा वीस वर्षांचा मुलगाही कागदावर अज्ञान असायचा, त्यावरून जन्मसाल काढताना जपून.

'सखू कोम गणू' म्हणजे गणूची बायको, 'गणू बिन राघू' म्हणजे राघूचा मुलगा. कोम, बिन ही आडनावं नाहीत, एवढंच.

आता मृत्युपत्र. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा तेव्हा मृत्युपत्राने देताच येत नव्हता, तो उरलेल्या भाऊबंदांकडे जायचा, मग गिरणीत नोकरी आणि गावी सामाईक जमीन असलेल्या माणसाने ते करायचं कशासाठी? चार मुलं असली तरी नाही करायचे. आणि प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, घ्यायची सक्ती 1870 च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टने आली ती मुंबई शहरात केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावर मिळकतीबद्दलच्या मृत्युपत्रांना, रत्नागिरीत बसून तिथल्याच घराबद्दल लिहिलेलं मृत्युपत्र मुंबई हायकोर्टाच्या प्रोबेटच्या नोंदीत शोधून काय मिळणार. तिथे नाव नाही एवढ्यावरून माणूस निपुत्रिक ठरवू नका.

वाटपाचा दावा दिसला की भावाभावांत वैर होतं हेही धरून चालू नका, पुढचा हुकूमनामा वाचा, कित्येकदा तो तडजोडीचा असतो. दाव्यातल्या जबान्यांमध्ये तर नातं विचारलेलं असतं, बहिणी, सुना, दत्तक सगळे तिथे सापडू शकतात. मोडी येत नसेल तर वाचणाऱ्याकडून पूर्ण पान वाचून घ्या, नुसती नावं नकोत.

आणि काढलेली दोन्ही नावं आजच परत घाला. त्यातली एक माझ्या आजोबांची सख्खी बहीण आहे.